हत्ती कॅम्पची निवड: अंघोळीपलीकडचे प्रश्न

थायलंड, श्रीलंका किंवा कूर्गच्या सहलीतील ‘हत्तींसोबत अर्धा दिवस’ हा कार्यक्रम पर्यटक निवडतो असे वरवर दिसत असले, तरी प्रत्यक्षात ती निवड त्याच्या नोंदणीच्या कित्येक महिने आधी, सहल-आयोजक आणि स्थानिक एजंट यांच्यात दर ठरत असताना झालेली असते, आणि पर्यटकासमोर कार्यक्रमपत्रिकेतील एक ओळ व एक हसरे छायाचित्र एवढेच येते. त्यामुळे कोणत्या कॅम्पला जावे हा प्रश्न पर्यटकाच्या सदसद्विवेकावर सोपवणे ही या व्यवसायाने स्वतःसाठी शोधलेली सोयीची पळवाट म्हणावी लागते. गेल्या दहा-बारा वर्षांत हत्तीवरील सवारी अनेक कार्यक्रमपत्रिकांतून गळाली ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र तिच्या जागी जे आले त्याची पुरेशी तपासणी झालेली नाही.

थायलंडमधील पाळीव हत्तींचा प्रश्न पर्यटनाने निर्माण केलेला नाही, तो पर्यटनाच्या पदरात पडलेला आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्या देशाच्या दक्षिण भागात आलेल्या प्रलयंकारी पुराचा ठपका उजाड झालेल्या डोंगरांवर ठेवला गेला आणि जानेवारी १९८९ मध्ये सरकारने नैसर्गिक जंगलातील व्यापारी लाकूडतोडीवर बंदी घातली. सागाचे ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत यांची रोजीरोटी त्याबरोबर संपली, काही जण शहरांच्या रस्त्यांवर हत्ती फिरवून येणाऱ्या-जाणाऱ्यांना केळी-ऊस विकू लागले आणि बाकीचे चियांग माई, पट्टाया, फुकेत येथील कॅम्पांत आले. आज तेथे तीन हजारांहून अधिक पाळीव हत्ती असून त्यांतील बहुतेकांचे पोट पर्यटकांच्या पैशावर चालते. कायद्याच्या दृष्टीने रानटी हत्ती हा संरक्षित वन्यजीव आहे, परंतु पाळीव हत्तीला १९३९ चा ओझ्याच्या जनावरांचा कायदा लागू होतो, म्हणजे त्याची गणना बैल, म्हैस आणि घोडा यांच्यासोबत होते. कॅम्पच्या दारावर ‘अभयारण्य’, ‘अनाथालय’ किंवा ‘बचाव केंद्र’ यांपैकी कोणती पाटी लावावी हे मालकाच्या मर्जीवर असल्यामुळे पाटीवरून आतील स्थितीचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

सवारीवर टीका होऊ लागल्यावर बहुतेक कॅम्पांनी लाकडी बैठका उतरवल्या आणि अंघोळीचा कार्यक्रम सुरू केला. पर्यटकांना सैल सुती कपडे दिले जातात, हत्तीला केळी भरवली जातात, मग चिखलात लोळणे आणि शेवटी नदीत किंवा खोदलेल्या डबक्यात बादल्या व ब्रश घेऊन हत्तीला घासणे, असा सुमारे तासाभराचा क्रम असतो. एक तुकडी बाहेर पडली की दुसरी उतरते आणि तोच हत्ती पुन्हा पाण्यात बसवला जातो. मुळात हत्ती स्वतःहून अंघोळ करतो आणि लगेच अंगावर माती उडवून घेतो, कारण मातीचा तो थर ऊन आणि चावणारे कीटक यांपासून त्याच्या कातडीचे रक्षण करतो. दिवसातून अनेकदा घासून तो थर काढून टाकणे ही त्याची सेवा नव्हे. शिवाय चार-चार माणसे अंगाला झोंबत असताना शांत उभे राहणे हे कोणत्याही हत्तीच्या स्वभावात नसते. ते त्याच्याकडून करवून घेण्यासाठी लहानपणी आईपासून तोडून, लाकडी खोड्यात जखडून, उपासमार आणि मार यांच्या जोरावर त्याची प्रतिकाराची इच्छा मोडण्याची जी पद्धत थायलंडमध्ये ‘फाजान’ या नावाने ओळखली जाते, तिचा पाया सवारीइतकाच अंघोळीलाही लागू शकतो. ती पद्धत प्रत्येक हत्तीवर तितक्याच क्रूरपणे वापरली गेली असे म्हणता येणार नाही. पण अनोळखी माणसांचा स्पर्श सोसणारा हत्ती कोणत्या ना कोणत्या धाकाखाली आहे, हे धरूनच चालावे लागते.

हा धाक कधीतरी अपुरा पडतो, आणि आयोजकाच्या दृष्टीने ही बाब केवळ नैतिक उरत नाही. जानेवारी २०२५ मध्ये फुकेतजवळच्या याओ याई बेटावरील एका केंद्रात हत्तिणीला अंघोळ घालत असताना तिच्या हल्ल्यात एका तरुण स्पॅनिश विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. तीन-चार टन वजनाच्या प्राण्याने नुसती मान फिरवली तरी शेजारचे लहान मूल कोसळते, याची कल्पना कुटुंबांना दिली जातेच असे नाही.

म्हणून कॅम्प पारखताना पर्यटकांच्या तासात हत्ती काय करतो यापेक्षा उरलेल्या तेवीस तासांत तो काय करतो हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते. मोकळा हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास चरण्यात घालवतो आणि साधारण दीडशे किलो चारा खातो. त्याला नेपियर गवताचे भारे दिवसातून दोनदा टाकून बाकी वेळ आखूड साखळीला बांधले, तर पोट भरले तरी दिवस भरत नाही, आणि मग तो जागच्या जागी डुलू लागतो, सोंड व डोके ठरावीक लयीत हलवू लागतो. पर्यटकांना हे डुलणे नाचासारखे वाटते आणि काही गाइड तसे सांगतातही. पशुवैद्यकात मात्र कोंडलेल्या प्राण्याच्या अशा निरर्थक, पुनरावृत्त हालचालींना विकृत वर्तन मानले जाते. रात्री साखळी असते का, असल्यास किती लांब, हत्तीला आडवे होऊन झोपता येते का, पायाखाली माती आहे की सिमेंट, हे प्रश्न स्थानिक एजंटाला विचित्र वाटतील, पण त्यांची उत्तरे टाळणारा कॅम्प आपोआप कळून येतो.

पाहणीला गेलेल्या प्रतिनिधीने सर्वप्रथम हत्तीचे पाय पाहावेत. पुढच्या पायाला सहसा पाच आणि मागच्या पायाला चार नखे असतात. ती एकसारखी, चिरा नसलेली, भोवतालच्या कातडीपासून सुटी आहेत का, तळव्याला भेगा किंवा गळू आहे का, घोट्याजवळ साखळीच्या घर्षणाचा केस नसलेला गुळगुळीत पट्टा आहे का, हे अनुभवी नसलेल्या डोळ्यालाही दिसते. सिमेंटवर, स्वतःच्या मूत्रात उभ्या राहणाऱ्या हत्तीला पायाचे विकार जडतात आणि बंदिवासातील हत्तींच्या मृत्यूचे ते एक मोठे कारण आहे. कानामागे किंवा कपाळावर अंकुशाच्या जुन्या खुणा असतील, तर त्या आधीच्या मालकाच्याही असू शकतात. ताज्या जखमेचा अर्थ मात्र एकच होतो. पिल्लांची संख्याही बोलकी असते. हत्तिणीचा गर्भकाळ सुमारे बावीस महिन्यांचा असल्यामुळे जिथे दरवर्षी नवे पिल्लू छायाचित्रासाठी उभे असते, तिथे बचावापेक्षा पैदास चालू असण्याचा संभव अधिक. प्रौढ नर कुठे आहेत हेही विचारावे, कारण मदाच्या काळात, म्हणजे गंडस्थळातून स्राव वाहू लागून नर अत्यंत आक्रमक होतो त्या आठवड्यांत, त्याला सांभाळायला स्वतंत्र आणि भक्कम जागा लागते, आणि ती नसलेल्या कॅम्पात त्याला झाडाला जखडून ठेवण्यावाचून दुसरा उपाय राहत नाही.

स्पर्शाविनाही पर्यटन चालते याची उदाहरणे दूरची नाहीत. श्रीलंकेतील पिन्नवला येथील अनाथालय १९७५ मध्ये सुरू झाले, पुढे प्राणिसंग्रहालय विभागाकडे गेले आणि पैदास केंद्रही बनले. तेथील हत्ती बाजाराच्या रस्त्यावरून माओया नदीवर जातात आणि दुतर्फा दुकाने व उपाहारगृहे भरलेली असतात. याउलट त्याच देशात उडवलवे येथे १९९५ पासून वन्यजीव विभागाचे संक्रमण केंद्र असून कळपापासून तुटलेली पिल्ले तेथे दुधावर वाढवून मोठी झाल्यावर राष्ट्रीय उद्यानात सोडली जातात. ठरलेल्या वेळी पिल्ले धावत येतात, नळीने दूध पितात आणि परत जातात. पर्यटक लांबून पाहतात. दृश्य थोडक्यात आटोपते, हात लावायला मिळत नाही, तरीही मुलांना ते आवडते, आणि पिल्लाला माणसाची सवय लागू नये या धोरणाचे कारण गाइडने दोन वाक्यांत सांगितले, तर तक्रारीला जागा राहत नाही. मराठी सहलींत पिन्नवला हमखास असते, कारण ते कोलंबो-कँडी रस्त्याच्या जवळ पडते. उडवलवे दक्षिणेकडे असल्यामुळे वगळले जाते. यात कल्याणाचा विचार कोठेच आलेला नसतो, फक्त किलोमीटरचा.

भारतात कायद्याची चौकट तुलनेने स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हत्ती असल्यामुळे पाळीव हत्तीसाठी मालकी प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्याकडून खेळ किंवा प्रदर्शन करवून घ्यायचे असेल तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते. हे दोन्ही कागद मागण्यात आयोजकाने संकोच बाळगण्याचे कारण नाही. वनखात्याचे कॅम्प मुळात पर्यटनासाठी नसतात. कूर्गमधील दुबारे किंवा निलगिरीतील तेप्पाकाडू येथील अनेक हत्ती ‘कुमकी’, म्हणजे रानटी हत्तींना पकडण्यासाठी वा हुसकावण्यासाठी प्रशिक्षित केलेले आहेत. म्हैसूरच्या दसऱ्यात अनेक वर्षे अंबारी वाहणारा अर्जुन डिसेंबर २०२३ मध्ये अशाच मोहिमेत रानटी नराशी झुंजताना मरण पावला. तेप्पाकाडूला नाचणी आणि कुळथाचे शिजवलेले गोळे माहूत आपल्या हाताने हत्तीच्या तोंडात देतात आणि पर्यटक ते अंतरावरून पाहतात. ही रीत दुबारेच्या अंघोळीपेक्षा निश्चितच बरी आहे.

महाराष्ट्रात शासनाचा हत्ती कॅम्प गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला आहे, आणि तेथील हत्ती गुजरातेत हलवण्याच्या हालचालींना २०२२ मध्ये स्थानिकांनी विरोध केला होता. जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाची हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेल्यावर कोल्हापूर परिसरात जे जनआंदोलन उभे राहिले, त्यात मठाची आणि भाविकांची बाजू वेगळी होती, प्राणीमित्रांची वेगळी. परंतु हत्तीच्या पायांची अवस्था आणि त्याचे एकटेपण हे विषय त्या निमित्ताने घराघरांत चर्चिले गेले. त्याच घरांतील लोक सहलींची नोंदणी करायला येतात, आणि त्यांना हे प्रश्न समजत नाहीत असे गृहीत धरणे आता परवडणारे नाही. ब्रिटनमध्ये प्रवासी कंपन्यांच्या ‘एबीटीए’ या संघटनेने २०१९ मध्येच अडसराविना होणारा पर्यटक-हत्ती संपर्क अस्वीकार्य ठरवला आणि परदेशातील अशा उपक्रमांची जाहिरात व विक्री रोखण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा २०२३ मध्ये तेथे संमत झाला.

सर्व कॅम्पांवर बहिष्कार हा मात्र उपाय नव्हे. २०२० मध्ये कोविडमुळे पर्यटक थांबले, तेव्हा उत्तर थायलंडमधील कॅम्पांना चारा परवडेना आणि अनेक माहूत हत्तींना घेऊन पायी आपल्या करेन गावांकडे परतले. काही हत्तींना त्यामुळे रान मिळाले, बाकीच्यांच्या वाट्याला उपासमार आली. एवढे हत्ती सोडून द्यावेत इतके मोकळे जंगल तेथे शिल्लक नाही, म्हणून पैसा जात राहिला पाहिजे आणि तो चांगल्या जागी गेला पाहिजे. चियांग माईजवळच्या मे तेंग खोऱ्यातील एलिफंट नेचर पार्क या संस्थेने आधी पर्यटकांना अंघोळ घालू दिली आणि नंतर ती स्वतःहून बंद केली, यावरून कॅम्प बदलू शकतात हे दिसते.

मराठी आयोजकांसमोरची खरी अडचण बसच्या आसनसंख्येची आहे. चाळीस-पंचेचाळीस जणांचा गट एकाच वेळी उतरवून दीड तासात परत बसवायचा, तर अंघोळीचा कार्यक्रमच सोयीचा पडतो, कारण तो कितीही माणसे गिळतो. हत्तींच्या मागे शांतपणे चालणे किंवा मचाणावरून त्यांना चरताना पाहणे याला दहा-पंधरा जणांची तुकडी लागते. यावर गटाचे तीन भाग करून एकाला बाजार, एकाला स्वयंपाकाचा वर्ग आणि एकाला कॅम्प अशी आलटून-पालटून रचना करता येते, त्यासाठी एक जादा स्थानिक गाइड आणि एक लहान वाहन धरावे लागते, आणि तो खर्च दरपत्रकात वेगळा दाखवला तर किती ग्राहक तो द्यायला तयार आहेत हे पहिल्याच हंगामात कळेल.