सर्वांची एकच किल्ली

घरातील, शाळेतील किंवा ग्रंथालयातील संगणक बहुधा राउटर नावाच्या लहानशा यंत्राद्वारे इंटरनेटशी जोडलेले असतात. आतील जाळे आणि बाहेरील जग यांच्यामधील दरवाजा तो हाच. त्याची व्यवस्था लावण्यासाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ यासारखा पत्ता लिहावा लागतो. मग एक पान उघडते आणि नाव व परवलीचा शब्द विचारते. हे पान ज्याच्या हाती, त्याच्या हाती सारे जाळे. तो संदेशांची वाट बदलू शकतो व वाचकास खोट्या पानाकडे वळवू शकतो.

एवढ्या महत्त्वाच्या दरवाजाचे कुलूप मात्र पुष्कळदा नावापुरतेच असते. अनेक उत्पादकांनी एका नमुन्याच्या सर्व यंत्रांना एकच परवलीचा शब्द दिला व तो माहितीपुस्तिकेत छापलाही. जी किल्ली लाखो दारांना लागते, तिला किल्ली कसे म्हणावे?

या प्रथेचे फळ २०१६ साली दिसून आले. ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीजवळ अशा ठरावीक नावांच्या व शब्दांच्या सुमारे साठ जोड्या होत्या. तेवढ्या भांडवलावर तिने लक्षावधी कॅमेरे व राउटर आपल्या अंकित केले. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांनी अमेरिकेतील ‘डिन’ या कंपनीवर एकाच वेळी मारा केला. संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणे हे तिचे काम. ते कोलमडताच ट्विटर, नेटफ्लिक्स आदी सेवा अनेकांना काही तास दुर्लभ झाल्या. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यास मिराई नाहीशी होई; परंतु परवलीचा शब्द तोच राहिल्यास ती लवकरच परत येई.

ग्राहकाने शब्द बदलला नाही, हा त्याचाच दोष, असे कोणी म्हणतात. हा युक्तिवाद अपुरा आहे. काही यंत्रांत तो शब्द असा पक्का बसविलेला होता की, मालकाला तो नेहमीच्या पानावरून बदलताच येत नसे. शिवाय ज्या धोक्याची कल्पना नाही, त्याचे निवारण कोणी करावे? कुलूप करणाऱ्यानेच प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली दिली पाहिजे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने हेच बंधन घातले आहे. भारताच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्रानेही २०२१ च्या मार्गदर्शक संहितेत हे तत्त्व मांडले. दुकानातील प्रत्येक यंत्रात ते उतरले, तरच त्याचे सार्थक होईल.

तथापि जुनी यंत्रे अद्याप भिंतींवर आहेत, आणि त्यांची काळजी वापरणाऱ्यांनाच घ्यावी लागेल. परवलीचा शब्द बदलून लांब व वेगळा ठेवावा. वाय-फायसाठी वाचकांना दिलेला शब्द येथे वापरू नये. व्यवस्थेचे पान बाहेरून उघडण्याची सोय बंद करावी. शक्य तेथे सांकेतिक, म्हणजे ‘एचटीटीपीएस’ जोडणीनेच आत जावे, म्हणजे तो शब्द वाटेत कोणास वाचता येणार नाही. उत्पादकाने दिलेल्या सुधारणा वेळेवर बसवाव्यात. त्या मिळेनाशा झाल्यास यंत्रच बदलावे.

ग्रंथालयात बसलेल्या विद्यार्थ्याला राउटरचे कुलूप तपासता येत नाही. तो संस्थेवर विश्वास ठेवूनच संगणकासमोर बसतो. त्या विश्वासाचे रक्षण करणे हे पुस्तकांच्या रक्षणाइतकेच संस्थेचे कर्तव्य आहे.