उंदीर पडला, पण का?

घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचे आणि माळावर झोपड्या घालायच्या, हे प्लेगच्या काळात आपल्या खापरपणज्यांना ठाऊक होते. विंझरसारख्या भाताच्या गावात कणगी आली की उंदीर आलाच. निरीक्षण पक्के होते. उंदरातून रोग माणसात येतो कसा, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हते.

१८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. रोग घाणीत, जमिनीत, कपड्यालत्त्यात असतो, असा तेव्हाचा समज. त्या समजापायी १८९७ मध्ये पुण्यात गोरे सोजीर घराघरांत, बायकांच्या खोल्यांतही शिरले. लोकांचे सामान जाळले. अर्धवट माहितीवर हुकूम निघाले आणि भोगले गरिबांनी.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर कराचीत होते. काही रोग्यांच्या अंगावर किडा चावल्यासारखा बारीक फोड त्यांना दिसला. नुकताच मेलेला उंदीर हाताळणारे आजारी पडत, जुना झालेला उंदीर उचलणाऱ्यांना काही होत नसे. उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून जातात. मग रोग पिसवाच नेत असतील का? त्यांनी पिसवा असलेला आजारी उंदीर बरणीत ठेवला आणि निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात शेजारी. दोघांचा स्पर्श झाला नाही, तरी दुसरा प्लेगने मेला. पिसवा नसताना रोग गेला नाही.

बहुतेक जाणकारांनी हे मानले नाही. एका माणसाच्या एका प्रयोगावर शंका घेणे गैर नव्हते. पण शंका घेणाऱ्याने पडताळूनही पाहावे लागते. ते काम १९०५ पासून मुंबईत प्लेग संशोधन समितीने केले. प्लेगच्या जागेत जमिनीवर ठेवलेल्या गिनी पिगना रोग झाला. पिसूची उडी पोचणार नाही इतके उंच टांगलेले वाचले. तेव्हा कुठे सिमाँ यांचे म्हणणे सर्वमान्य झाले.

हीच रीत आपल्या घरातही चालते. धान्यात कडुलिंबाचा पाला घातला की कीड लागत नाही, असे दादीअम्मा सांगतात. लगेच हसू नका, डोळे मिटून मानूही नका. एकाच पोत्यातले तांदूळ दोन सारख्या डब्यांत भरा, एकातच पाला घाला. दोन महिन्यांनी मुलांना किडे मोजायला लावा. शेजारच्या घरीही तसेच करून पाहू द्या.

लेकरांच्या आजारावर मात्र घरी प्रयोग नकोत. तिथे डॉक्टरच गाठावा. मोबाईलवर एखादा नुस्खा आला, ‘अमक्याला गुण आला’ असे कुणी सांगितले, तर आपण एवढेच विचारू या: ज्यांनी तो घेतला नाही त्यांचे काय झाले? आणि हे दुसऱ्या कुणी तपासले आहे का?