पाऊण टक्क्याचा मोह

सुताचा भाव, चामड्याचा भाव, पितळेचा भाव उद्या काय राहील, ही चिंता आपल्या प्रत्येक व्यापारी व कारागीर बांधवास असते. मोठ्या कंपन्यांनाही ती असते. त्यासाठी त्यांच्याकडे स्वतंत्र खाते असते, पगारी जाणकार असतात. तरीही त्या कशा फसतात, याचे एक उदाहरण आम्ही येथे देत आहोत. त्यातील धडा छोट्या दुकानालाही लागू आहे.

१८३७ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात मेणबत्त्या बनविणारे विल्यम प्रॉक्टर आणि साबण बनविणारे जेम्स गॅम्बल यांनी भागीदारी केली. त्यातून ‘प्रॉक्टर अँड गॅम्बल’ उभी राहिली. टाइड, एरियल ही तिचीच उत्पादने. अशा कंपनीची कर्जे अनेक, चलनेही अनेक. व्याजदर किंवा चलनाचा भाव पालटला तरी धंद्याला धक्का बसू नये म्हणून ती बँकांशी अदलाबदलीचे करार करते. एकाने स्थिर दराचे व्याज द्यायचे, दुसऱ्याने बदलत्या दराचे. इथवर हेतू बचावाचा असतो.

परंतु नोव्हेंबर १९९३ मध्ये या कंपनीने बँकर्स ट्रस्ट या बँकेशी २० कोटी डॉलरच्या रकमेवर पाच वर्षांचा वेगळाच करार केला. बाजारदरापेक्षा पाऊण टक्का कमी व्याज पडेल, हे आमिष. अट अशी की सरकारी रोख्यांवरील दर वाढल्यास कंपनीचे देणे कित्येक पटींनी वाढेल. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपला दर ३ वरून ३.२५ टक्के केला आणि पुढेही तो वाढवीत नेला. पाऊण टक्का वाचवायला गेलेली कंपनी बाजारदरापेक्षा सुमारे १४ टक्के जास्त देण्याच्या बंधनात अडकली. दुसरा करार जर्मन व्याजदरावर होता. एप्रिल १९९४ मध्ये दोन्ही मिळून १५ कोटी ७० लाख डॉलरचा तोटा जाहीर झाला. कंपनीने बँकेविरुद्ध दावा लावला. १९९६ मध्ये तडजोड झाली.

हा तोटा साबणाच्या धंद्यातला नव्हता. बचावासाठी असलेले खातेच नफा कमवायला निघाले, तिथे घात झाला. शरियतने रिबा, गरर आणि मैसिर, म्हणजे व्याज, संदिग्ध व्यवहार आणि जुगार, यांपासून दूर राहण्यास सांगितले आहे. या एकाच करारात तिन्ही एकत्र दिसतात, असे आमचे मत आहे.

मग आपण काय करावे? मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमागधारकाने कापडाचा भाव ठरवून ऑर्डर घेतली, तर सूतही त्याच दिवशी घ्यावे. ‘पुढच्या आठवड्यात उतरेल’ या आशेवर थांबणे म्हणजे पैज लावणे होय. हाताशी रक्कम नसेल तर ऑर्डर देणाऱ्याकडून आगाऊ पैसे घ्यावेत. बनवून देण्याच्या मालासाठी शरियतमध्ये ‘इस्तिस्ना’ची सोय आहे आणि त्यात पैसे टप्प्याटप्प्याने घेता येतात. मालाचे वर्णन, भाव व मुदत मात्र लेखी असावी. खरेदी करणारा आणि हिशेब लिहिणारा हे दोघे वेगळे असावेत. १९९५ मध्ये लंडनची दोनशे वर्षांहून जुनी बेअरिंग्ज बँक बुडाली, कारण सिंगापूरमधील एकाच माणसाच्या हाती सौदे व त्यांची नोंद ही दोन्ही कामे होती.

काही बांधव म्हणतील, भाव चढेल म्हणून माल भरून ठेवणे हाच तर व्यापार! स्वतःच्या पैशाने, झेपेल इतका आणि लोकांची अडवणूक न करता घेतलेला माल ही वेगळी गोष्ट आहे. उधारीच्या पैशावर भावाचा अंदाज बांधणे ही वेगळी. पहिल्यात अंदाज चुकला तर नफा घटतो. दुसऱ्यात माग विकावा लागतो.

सौदा करताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा: याने माझ्या धंद्यातील धोका कमी होतो, की नवा धोका मी विकत घेतो? उत्तर सापडत नसेल, किंवा सौदाच नीट समजत नसेल, तर नफा कितीही दिसो, हात आखडता घ्यावा. हलाल कमाईची बरकत पाऊण टक्क्याच्या मोहापेक्षा मोठी आहे.