मच्छरदाणी मागून घ्या, मोजून घ्या!

६ डिसेंबर, शिवाजी पार्क, दादर

गडचिरोलीतल्या वडसा, आरमोरी, धानोरा, एटापल्लीकडून चैत्यभूमीला वंदन करायला आलेल्या बंधू-भगिनींनो, हे पत्रक तुमच्यासाठी आहे. मुंबईहून तुमच्याकडे मच्छरदाण्या घेऊन येणाऱ्या मंडळांसाठीही आहे. आम्ही त्यांच्यातलेच, वाटप करणारे.

फॅल्सिपेरम हिवताप मेंदूत चढला की धडधाकट पोर थोड्या दिवसांत हातचं जातं, हे गडचिरोलीला कुणी सांगायला नको. औषध भरलेल्या मच्छरदाणीवर टेकलेला डास मरावा, अशी ती बनवलेली असते. अशी जाळी साधारण तीन वर्षं किंवा वीस धुण्यांपर्यंत टिकते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब दोन माणसांमागे एक जाळी असा आहे. २००९ पासून या जाळ्या देशाच्या हिवताप कार्यक्रमात आहेत, म्हणजे पैसा जनतेचा आहे. त्यात उपकार कुणाचे?

तरी वाटप होतं कसं? बऱ्याचदा घरं मोजतात, झोपणारी माणसं मोजत नाहीत. पावसाळा उलटल्यावर गाडी येते, फोटो निघतो, गाडी जाते. धान पिकायला लागलं की घरचा कर्ता जागलीला शेतातल्या मचाणावर झोपतो. डास तिथे, माणूस तिथे, आणि जाळी घरात!

वर ठपका आहेच: हे लोक मच्छरदाणीने मासे धरतात. औषधाची जाळी बोडीत घालू नका, हे आम्हीही सांगतो. पण ती टांगून द्यायला कोण आलं होतं? माडिया भाषेत कुणी समजावून सांगितलं? तीन वर्षांनी फाटली तेव्हा दुसरी कुणी दिली? याची उत्तरं आधी द्या, मग लोकांना बोल लावा.

बाबासाहेबांनी घडवलेल्या राज्यघटनेचं ४७ वं कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य ठरवतं. २०३० पर्यंत हिवताप संपवायचं उद्दिष्ट सरकारनेच ठेवलं आहे. मग गावाने हात जोडून नव्हे, हिशोब मांडून मागावं.

मुंबईच्या कार्यकर्त्यांनो, दुकानातल्या साध्या जाळ्यांचे गठ्ठे नेऊन मोकळे होऊ नका. पावसाआधी जा, आशाताईंबरोबर टोल्याटोल्यात फिरा, जाळ्या स्वतः टांगून द्या. धान कापणीच्या आधी पुन्हा जाऊन बघा, किती जाळ्यांखाली माणूस झोपतो आहे.

आणि गावकऱ्यांनो, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा:

“आमच्या गावात झोपणारी माणसं इतकी, जागलीला जाणारी इतकी, गरोदर बाया इतक्या. दोन माणसांमागे एक औषधाची मच्छरदाणी आणि जागलीसाठी वेगळी, ३१ मेपूर्वी मिळावी. किती आल्या, कुणाला दिल्या, ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.”

ठरावाची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या, दुसरी जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांकडे. दोन्हीकडून पोच घ्या.