फसवा वारा आणि छायाचित्रात न दिसणाऱ्या पायऱ्या

मुलगा जर्मनीत असतो, मुलगी नेदरलँड्समध्ये. उन्हाळ्यात आईवडिलांना बोलावणे येते आणि तिथून विमानाने तीन-चार तासांचेच अंतर, म्हणून आठवडाभर ग्रीसच्या बेटांवर जाण्याचा बेत ठरतो. निळे घुमट, पांढरी घरे आणि खाली पसरलेला समुद्र यांची छायाचित्रे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरू लागतात. मग कोणीतरी हळूच विचारते, "पण आईला झेपेल ना?" हा प्रश्न या सदराकडेही अधूनमधून येतो. माझे उत्तर असे, की झेपेल. मात्र कोणत्या महिन्यात, कोणत्या बेटावर आणि दुपारी दोन वाजता आई नेमकी कुठे असेल, एवढे आधी सांगा.

पहिली चूक आपण घरूनच सोबत नेतो. "आम्हांला उन्हाचे काय कौतुक? आम्ही नागपूरचे." हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे आणि एकेकाळी, नागपूरचा नसूनही, स्वतः म्हटलेही आहे. पण जरा आठवून पाहावे. मे महिन्यात नागपुरातील सत्तरीचा गृहस्थ दुपारी दोन वाजता टेकडी चढत असतो का? तो कूलरसमोर असतो, खिडक्यांना पडदे असतात, पोटात ताक नाहीतर पन्हे गेलेले असते. बाहेर पडावेच लागले तर डोक्याला दुपट्टा असतो. आपण ऊन सहन करीत नाही, ते चुकवतो. आणि पिढ्यान्पिढ्यांची ही सवय सहलीला निघताना नेमकी घरी राहते. पैसे भरलेले असतात, दिवस मोजके असतात आणि न्याहारी आटोपून बाहेर पडेपर्यंत अकरा वाजतात.

त्यातच एजियन समुद्रावरचा वारा. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, तिथे उत्तरेकडून कोरडा, जोरकस वारा वाहतो. त्याला मेल्टेमी म्हणतात. मुंबईत घामाने सदरा पाठीला चिकटतो आणि शरीर आपल्याला वेळीच बजावते. तिथे घाम आल्याबरोबर वारा तो वाळवून टाकतो. अंगाला गार वाटते, उन्हाचा चटका जाणवत नाही, आणि शरीरातील पाणी मात्र कमी होत राहते. वाढत्या वयात तहानेची जाणीव मुळातच मंदावते. रक्तदाबासाठी किंवा पायांवरील सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर पाणी आणखी वेगाने घटते. काही बीटा-ब्लॉकर औषधांमुळे शरीराला उष्णतेशी जुळवून घेणे कठीण जाते; लघवीच्या तक्रारींवरील व मनोविकारांवरील काही औषधांनी घामच कमी येतो. ही औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. निघण्यापूर्वी डॉक्टरांना मात्र स्पष्ट विचारावे, की तिथल्या उन्हात मात्रा बदलायची का आणि दिवसाला किती पाणी प्यायचे. हृदयाच्या दुर्बलतेमुळे ज्यांना पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी तर हे विचारल्याशिवाय निघूच नये.

डॉ. मायकेल मोस्ली यांचे नाव आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. उपवासाची 5:2 पद्धत लोकप्रिय करणारे हे ब्रिटिश दूरचित्रवाणी निवेदक. जन्म कोलकात्याचा, शिक्षण वैद्यकाचे. 5 जून 2024 रोजी ते सिमी बेटावर एका किनाऱ्यावरून दुपारच्या उन्हात एकटेच पायी निघाले. वय 67. हातात छत्री होती, फोन मागे राहिला होता. चार दिवसांनी एका किनाऱ्यावरील उपाहारगृहाच्या कुंपणाजवळ, माणसांच्या वावरापासून अगदी थोड्या अंतरावर, त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यूचे नेमके कारण ठामपणे सांगता आले नाही. उष्माघाताची शक्यता मात्र चौकशीत पुढे आली. त्याच महिन्यात इतर बेटांवरही चालायला गेलेले काही वयस्क पर्यटक दगावले. आरोग्याविषयी लोकांना सांगण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याचाही अंदाज चुकला असेल, तर आपण जपूनच असावे.

बेटांवरचे लोक काय करतात ते पाहावे. दुपारी दुकाने मिटतात, खिडक्यांची लाकडी दारे लोटली जातात, गल्ल्या सुन्न होतात. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच हा शांततेचा काळ नियमानेच पाळला जातो. आपणही सकाळी आठला बाहेर पडावे, बाराच्या आत खोलीवर परतावे, जेवून पडावे आणि सहानंतर पुन्हा निघावे. ग्रीक मंडळी रात्री उशिरा जेवतात, त्यामुळे संध्याकाळ बरीच लांबते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र या उशिराच्या जेवणाच्या नादी लागू नये. आपले जेवण आपल्या वेळेला घ्यावे. सोबत ओआरएसची पाकिटे असावीत. सायक्लेडीज बेटसमूहातील पुष्कळ बेटांवर, सँटोरिनीवर तर नक्कीच, नळाचे पाणी पिण्यास चांगले नसते. बाटलीबंद पाणी घ्यावे.

सोबत असणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. उन्हातून आलेले बाबा असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, अंग तापले, तर "थकले असतील, जरा झोपू द्या" असे म्हणू नये. 112 या क्रमांकावर फोन करावा (रुग्णवाहिकेसाठी तिथे 166 हाही क्रमांक आहे). तोवर त्यांना सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. मान, काखा व जांघा गार कराव्यात. पूर्ण शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

आता पायऱ्या. इथे माझी स्वतःची फजिती सांगायला हरकत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता कन्येसह सँटोरिनीला गेलो. निवास फिरा गावात, ज्वालामुखीच्या कड्यावर, समोर अथांग समुद्र. संकेतस्थळावर सर्व काही होते. नव्हत्या त्या फक्त पायऱ्या. गाडीने रस्त्यावर सोडले आणि खोलीच्या दारापर्यंत उतरताना मी 94 मोजल्या. कठडा अर्ध्याच वाटेला. पत्नीच्या गुडघ्यांनी पहिल्याच संध्याकाळी हात टेकले, आणि पुढचे दोन दिवस तो अथांग समुद्र आम्ही खोलीतूनच पाहिला. दोष निवासाच्या मालकाचा नव्हता. मी विचारले नव्हते. तेव्हा खोली ठरवण्यापूर्वी लेखी विचारावे, की गाडी जिथे थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का, आणि न्हाणीघरात उंबरा किंवा पायरी आहे का.

सँटोरिनीच्या जुन्या बंदरापासून फिरा गावापर्यंत सुमारे 600 पायऱ्या आहेत. पुण्याच्या पर्वतीच्या 103 समजल्या, तर जवळजवळ सहा पर्वती. पर्यटन-जहाजाने येणाऱ्यांना याच बंदरावर उतरवले जाते. वर जायला रोपवे आहे, पण एकाच दिवशी दोन-तीन जहाजे लागली की त्याची रांग उन्हात लांबत जाते आणि अधीर झालेली मंडळी पायी किंवा गाढवावरून निघतात. गाढवांवर किती वजन लादावे यावर ग्रीसने 2018 मध्ये मर्यादा घातली, हे प्राण्यांच्या दृष्टीने योग्यच झाले. माणसांच्या दृष्टीने सांगायचे, तर झिजून गुळगुळीत झालेल्या आणि शेणामुळे निसरड्या झालेल्या त्या पायऱ्यांवर, ठिसूळ हाडांच्या व्यक्तीने गाढवाच्या पाठीवर बसणे हे धाडसच आहे. रांगेतच थांबावे, आणि सोबतच्या तरुणाने आजींना सावलीत बसवून रांग धरावी.

या बेटांवरील गल्ल्याही दगडी, शेकडो वर्षे पायाखाली घासलेल्या. आपल्या मंडळींची सैल चप्पल तिथे कामाची नाही. मागून बंद, रबरी तळव्याचे बूट हवेत. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांच्यासाठी आणखी एक इशारा आहे. सँटोरिनीचे कामारी आणि पेरिसा हे किनारे काळ्या वाळूचे व काळ्या गोट्यांचे आहेत. दुपारी ती वाळू तव्यासारखी तापते. निरोगी माणूस उडी मारून बाजूला होतो. ज्याला चटका कळतच नाही, तो चालत राहतो आणि रात्री मोजे काढताना फोड दिसतात. अनवाणी पाऊल तिथे टाकूच नये, पाण्यात उतरतानाही रबरी पादत्राणे असावीत, आणि रोज झोपताना सोबतच्या व्यक्तीने तळपाय पाहावेत.

तिसरी चूक उत्साहाची. सात दिवसांत चार बेटे! कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात पिरेयस बंदरातून सँटोरिनीला मोठ्या जहाजाने सात-आठ तास लागतात. शिवाय मधल्या बेटांवर जहाज काही मिनिटेच थांबते. आधीच खाली उतरून, गाड्यांच्या मजल्यावर सामानासह उभे राहावे लागते. दार उघडले की सगळे एकदम निघतात. गुडघेदुखीच्या माणसाला दर दुसऱ्या दिवशी ही धावपळ म्हणजे शिक्षाच. आठवड्याला एक बेट, फार तर दोन. सामान खालच्या मजल्यावर ठेवावे लागते, म्हणून औषधे, चष्मा, कवळीची डबी आणि कागदपत्रे खांद्यावरच्या पिशवीतच असू द्यावीत. विमानातही इन्सुलिन आपल्याजवळच्या पिशवीत हवे. सामानकक्षात ते गोठू शकते.

वारा फार वाढला की बंदर-अधिकारी जहाजांना सुटण्याची परवानगी नाकारतात; वेगवान लहान बोटी त्याआधीच थांबतात. म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशीच बेटावरून बोटीने निघणे टाळावे. आदल्या दिवशी अथेन्सला पोहोचावे आणि औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभर जास्त न्यावीत. औषधांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची नावे तिथल्या औषधविक्रेत्याला ओळखू येणार नाहीत. हिरव्या फुलीची दुकाने सर्वत्र आहेत, पण दुपारी आणि रविवारी बहुतेक बंद. त्या वेळी पाळीने एखादे उघडे असते. बोट लागण्याच्या गोळ्या घेण्याआधीही डॉक्टरांशी बोलावे. त्यांपैकी काहींनी प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते, काचबिंदूच्या काही रुग्णांनाही त्या त्रासदायक ठरतात, आणि झोपाळलेल्या अवस्थेत जहाजाचा जिना उतरणे वेगळेच संकट.

विम्याबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतोच, पण तो व्हिसापुरता घेतला जातो आणि आधीपासूनच्या आजारांचे कलम कोणी वाचत नाही. मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी, सर्व काही अर्जात नोंदवावे. लहान बेटांवर प्राथमिक उपचारांचे केंद्र असते. गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा बोटीने मोठ्या बेटावर किंवा अथेन्सला हलवतात. त्या खर्चाचे कलम तर आवर्जून वाचावे.

जेवणाची चिंता शाकाहारी मंडळींना वाटते त्याहून कमी आहे. सँटोरिनीचा 'फावा' हा पिवळ्या डाळीचा घट्ट लगदा, वर कांदा आणि ऑलिव्हचे तेल. माझ्या पत्नीने त्याला पहिल्याच घासात वरण ठरवून टाकले. पावटेवजा मोठ्या दाण्यांची 'गिगांतेस', भात भरलेले टोमॅटो, पालकाचे पाय हेही मिळते. दोनच सूचना आहेत. फेटा चीज आणि ऑलिव्ह फार खारट असतात, रक्तदाबाच्या रुग्णांनी हात आखडता ठेवावा. आणि वॉरफरिन घेणाऱ्यांनी 'होर्ता' ही उकडलेली रानभाजी आवडली म्हणून रोज वाडगाभर खाऊ नये. हिरव्या पाल्यातील के जीवनसत्त्वाने त्या औषधाचा परिणाम कमी होतो. जाता जाता एक घरगुती गोष्ट. तिथले नळ अरुंद असतात, शौचकूपात कागद टाकायचा नसतो, बाजूच्या डब्यात टाकायचा. आणि पाण्याचा फवारा नसतो. प्लास्टिकचा एक छोटा मग सामानात टाकलेला बरा.

जायचे कधी? मे महिना किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत समुद्र अजून उबदार असतो, पण बोटी कमी होतात आणि पुष्कळ निवास बंद होऊ लागतात. सँटोरिनीच पाहायचे असेल तर मुक्काम कड्यावर न करता कामारीच्या सपाट भागात करावा आणि सकाळच्या बसने वर जाऊन यावे. ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेलेले प्राचीन आक्रोतिरी नगर आता छपराखाली आहे, त्यामुळे तिथे ऊन लागत नाही आणि फिरण्याची वाटही सोयीची आहे. नाक्सोसच्या गावातून उथळ, वाळूच्या किनाऱ्यापर्यंत सहज चालत जाता येते.

मला स्वतःला पुन्हा जायचे झाले तर मी कॉसला जाईन. गाव सपाट आहे आणि आमच्या व्यवसायाचा मूळपुरुष हिप्पोक्रातिस तिथला. त्याने ज्याच्या सावलीत शिष्यांना शिकवले असे सांगतात, तो चिनार तिथे दाखवतात. सध्याचे झाड काही त्याच्या काळचे नव्हे, सुमारे पाचशे वर्षांचे मानतात. खोड पोकळ झाले आहे, फांद्यांना आधार देऊन उभे ठेवले आहे, आणि पालवी मात्र दर वसंतात येते. सकाळी नऊच्या आत गेल्यास गर्दी नसते.