पोलीस ठाण्याची पायरी

पोलीस ठाण्याची पायरी चढताना आपल्या मनात जो संकोच दाटतो, त्यास इतिहास आहे. सिंधमध्ये नेपियरने उभारलेल्या पोलीस दलाचा कित्ता मुंबई इलाख्याने १८५३ साली गिरविला व जिल्ह्यास पोलीस सुपरिंटेंडेंट मिळाला. गावात मात्र १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने जुनीच उतरंड कायम ठेवली : वर वतनदार पोलीस पाटील, खाली महार. चोराचा माग काढणे, रात्रीची राखण, तालुक्यास वर्दी पोचविणे ही पोलिसाची कामे आपल्या वाडवडिलांनी केली. त्यांस ना पगार, ना पट्टा. वतनी जमिनीचा तुकडा आणि घरोघरचे बलुते एवढाच मोबदला! राज्यरक्षणाचा भार वाहणारा मनुष्य गावाचा वेठबिगार ठरला, हा न्याय कोणता?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले ते यासाठीच. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमान्वये पाटीलकी नेमणुकीची झाली. आजचा पोलीस पाटील ठाण्यास खबर देऊ शकतो. दखलपात्र गुन्हा चावडीवर मिटविण्याचा अधिकार त्यास नाही. पुष्कळ प्रकरणे या चावडीवरच विझतात, हे ध्यानी घ्या.

ठाणे अंमलदार कधी म्हणतो, ‘तुम्ही तर बौद्ध, तुम्हांस अत्याचार प्रतिबंधक कायदा कसा लागू?’ त्यास सांगावे की, १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांस ते संरक्षण मिळाले आहे. (दीक्षेनंतर त्यासाठी ३४ वर्षे लोटली, ही गोष्ट वेगळी.) १९८९ च्या त्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार तोंडी फिर्याद लिहून घेणे, सहीपूर्वी वाचून दाखविणे व प्रत देणे बंधनकारक आहे. अनुसूचित जाती-जमातींचा नसलेल्या लोकसेवकाने यांत बुद्धिपुरस्सर कसूर केल्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास सांगितला आहे. मात्र त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, आणि ही अट म्हणजे कसूर करणाऱ्यास दिलेली ढालच होय, असे माझे मत आहे. तपास उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करू नये, असे १९९५ च्या नियमांतील सातवा नियम सांगतो.

गुन्हा नोंदविण्यास नकार मिळाला, तर वाद न घालता फिर्याद लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांस पाठवावी. तेथेही दाद न लागल्यास न्यायालयात अर्ज करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात ही वाट आहे. टपालाची पावती मात्र जपून ठेवावी. वकिलाकडे येताना मंडळी नेमकी तीच घरी विसरून येतात.