नवा विद्यार्थी आणि प्रार्थनेची भाषा

विद्यापीठाच्या आयुष्यात नव्या वर्षाचे पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात. प्रवेशाची धावपळ संपते, वसतिगृहातील खोल्या भरतात, आणि गावाहून प्रथमच इतक्या दूर आलेला विद्यार्थी आपल्याला येथे कोण आपले म्हणेल याचा शोध घेऊ लागतो. या शोधाला उत्तर देण्यासाठी ज्या संघटना पुढे येतात त्यांत ख्रिस्ती विद्यार्थिमंडळे जुनी आहेत. जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी महासंघ १८९५ साली स्थापन झाला. भारतातील स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ ची, कॅथलिक विद्यार्थ्यांचा अखिल भारतीय महासंघ १९२४ चा, तर युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ ची. नवागताला खोली शोधून देणे, अर्ज भरण्यास मदत करणे, रविवारच्या उपासनेची वाट दाखवणे आणि आठवड्यातून एकदा शास्त्राभ्यासासाठी एकत्र बसणे, असे या सेवेचे साधे स्वरूप आहे. त्या सेवेच्या हेतूविषयी येथे वाद घालावयाचा नाही. प्रश्न एवढाच आहे की, ही सेवा नवागताचे स्वागत कोणत्या भाषेत करते?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. तथापि त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून दिल्लीस वा हैदराबादेस आलेला मुलगा डोळ्यांपुढे आणावा. त्याचे घराणे तीन-चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. आजीच्या मांडीवर त्याने प्रार्थना ऐकली ती मराठीत. मंडळीत ‘उपासना संगीत’ उघडून टाळ-पेटीच्या साथीने जी गीते तो गात आला, त्यांत नारायण वामन टिळकांची कितीतरी आहेत. असा मुलगा विद्यापीठातील पहिल्या सभेस जातो. तेथे गिटारवर इंग्रजी गीते चालू असतात, चर्चा इंग्रजीत होते, आणि शेवटी प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करावी असे सुचवले जाते. वर्गात तो इंग्रजीशी झगडतच असतो. पण तेथे निदान तो झगडा अपेक्षित असतो. येथे देवाशी बोलतानाही व्याकरण सांभाळावयाचे ही गोष्ट त्याला गप्प करते. तिसऱ्या आठवड्यास तो येत नाही, आणि त्याच्या मौनाला अनास्था असे नाव मिळते.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला यातील विसंगती विशेष जाणवावी. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. बायबलची कथा त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. त्या काळच्या गोव्यातील धर्मप्रसारामागे राज्यसत्तेचे बळ होते हे विसरता येणार नाही. परंतु श्रोत्यांच्या कानाला ओळखीच्या असलेल्या छंदाखेरीज कथा पोहोचत नाही, हे त्याने जाणले होते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालवली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. म्हणजे आपल्या भाषेत प्रार्थना करण्याचा हक्क मराठी ख्रिस्ती समाजाने मोठ्या सायासाने मिळवला. तोच हक्क त्या समाजाची मुले विद्यापीठाच्या दारात पादत्राणांबरोबर काढून ठेवतात, असे चित्र दिसावे हे खेदाचे आहे.

यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो. केंद्रीय विद्यापीठातील अशा मंडळात मल्याळी, मिझो, तमिळ, खासी, तेलुगू, मुंडारी अशा अनेक भाषा बोलणारे विद्यार्थी असतात. त्यांना एकत्र बांधणारी भाषा इंग्रजीच. ती सोडली तर प्रत्येक भाषेचा वेगळा कंपू होईल. ही भीती निराधार नाही. ईशान्येकडील कित्येक विद्यार्थ्यांना हिंदीपेक्षा इंग्रजीच जवळची वाटते हेही खरे. परंतु सभेची सूचना आणि प्रार्थना या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. सूचना सर्वांना कळली पाहिजे. प्रार्थना प्रथम करणाऱ्याची असली पाहिजे. एक विद्यार्थी मराठीत प्रार्थना करीत असता इतरांनी ती न कळताही आदराने ऐकावी, आणि नंतर तिचा आशय विचारून घ्यावा, यात कंपूगिरी कसली? उलट ऐकण्याचा हा संस्कार एकीला अधिक पोषक आहे. सर्वांची गैरसोय टाळण्याकरिता जी एकी साधली जाते, तिची किंमत सर्वांत दुर्बळ सदस्याला मोजावी लागते.

शास्त्राभ्यासाच्या बैठकीत तर भाषांची ही विविधता अडचण न ठरता साधन ठरू शकते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी ग्रीकमध्ये जी ‘लोगोस’ ही संज्ञा आहे, तिच्यासाठी मराठी बायबल ‘शब्द’ म्हणते, हिंदी ‘वचन’, बंगाली ‘वाक्य’, तमिळ ‘वार्तै’. हिंदी वाचकाला ‘वचन’ ऐकताच दिलेल्या शब्दाचे, प्रतिज्ञेचे स्मरण होईल, मराठी वाचकाच्या ‘शब्दा’भोवती संतवाणीचे सारे वातावरण आहे, ‘वाक्य’ मनाला पूर्ण अर्थाकडे नेते. पाच भाषांतील पाच मुलांनी आपापले बायबल उघडून हा एक शब्द वाचून दाखवला, तर तास कसा गेला हे कळणार नाही. शिवाय खेड्यातून आलेला मुलगा त्या तासापुरता शिकवणारा होतो. ज्याला आठवडाभर आपण कमी आहोत असे वाटत आले, त्याच्याजवळ इतरांना देण्याजोगे काही आहे हे त्याला कळणे, ही लहान सेवा नव्हे.

या सेवेची एक मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने एकत्र येणे निराळे आणि संस्थेने धर्म शिकवणे निराळे. म्हणून विद्यापीठाच्या आवारात अशा सेवेला व्यासपीठाचा अधिकार नाही. तिला मैत्रीचाच आधार आहे, आणि मैत्रीला आधी ऐकावे लागते. पुष्कळदा ऐकण्याचा विषय धर्म नसतोच, तो शुल्काचा व दाखल्याचा असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला, दलित ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. या गुंतागुंतीत सापडलेल्या मुलाला कार्यालयाच्या खिडकीपाशी सोबत करणारा मित्र हवा असतो, आणि आपली अडचण त्याला आपल्या भाषेत सांगावयाची असते.

टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या चौकटीतून बाहेर पडून त्यांनी हे केले. दारात अट न घालणारे हे आतिथ्य विद्यार्थिसेवेला आजही मार्गदर्शक व्हावे. धर्माची अट नसावी हे पुष्कळांना पटते. भाषेची अटही नसावी हे अजून पटावयाचे आहे.

यात आपल्या भाषाविभागांचाही वाटा आहे. ‘ख्रिस्तपुराण’ आपण भाषेच्या इतिहासात शिकवतो, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्रात. पण हे वाङ्मय ज्यांच्या ओठांवर अजून आहे तो विद्यार्थी आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेला असतो, याचे भान आपल्याला क्वचितच असते. त्याने लहानपणापासून गायिलेले पद कोणत्या वळणाचे आहे, हे त्यालाच विचारले तर अभ्यासाचा लाभ होईल आणि त्याची मानही वर होईल. विद्यार्थिमंडळाने त्याला प्रार्थनेत त्याची भाषा द्यावी, विभागाने अभ्यासात द्यावी. वर्षाच्या आरंभी या दोन्ही ठिकाणी त्याला एकच प्रश्न विचारला जावा: तुमच्याकडे हे कसे म्हणतात? त्याचे उत्तर ऐकण्यास थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ देणे ही त्या सेवेची सुरुवात होय.